आधी गव्हाण

गाय गाभ धरत नाही म्हणून बोलावणं आलं की मी आधी गव्हाणीपाशी जातो. मालक मी हातमोजा घालायची वाट बघत उभा असतो. डॉक्टर आत हात घालून काय ते सांगतील, एखादं इंजेक्शन देतील, अशी त्याची अपेक्षा असते. ती तपासणी मी करतोच. पण त्याआधी गव्हाणीत काय पडलंय, गाईनं काय खाल्लंय आणि काय सोडून दिलंय, ते हातात घेऊन बघतो. मग गाईच्या मागं उभा राहून तिचं माकडहाड, कमरेची हाडं, बरगड्या बघतो. शेवटी विचारतो, "ही व्यायच्या आधीचे दोन महिने काय खात होती?" बहुतेक गोठ्यांत या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. आत्ताचं विचारलं तर पेंडीच्या पोत्याच्या भावासकट सांगतात. भाकड काळातलं कुणाला आठवत नाही, कारण त्या काळात तिच्याकडं कुणी बघितलेलंच नसतं.

हिंगोली, औंढा, कळमनुरी, सेनगाव, वसमत या पाच तालुक्यांत गुरांच्या मागं हिंडण्यात माझी नोकरी गेली. एवढ्या वर्षांत "उलटतेय" म्हणून दाखवल्या गेलेल्या गाईंपैकी थोड्यांच्याच गर्भाशयात खरा आजार सापडला. बाकीच्यांचं गर्भाशय निरोगी, सोट स्वच्छ आणि पारदर्शक, रेतन वेळेवर झालेलं. तरी एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर. काही तर माजावरच येत नव्हत्या. या गाईंचं मूळ दुखणं चाऱ्यात होतं. हे मी आता ठामपणे सांगतो, आणि का सांगतो ते नीट मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

मी शिकलो परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. १९७२ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आधी कृषी विद्यापीठात होतं, पुढं २००० साली नागपूरचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं तेव्हा त्यात गेलं. तिथं प्रजननशास्त्र एका विभागात शिकलो आणि पशुआहार दुसऱ्या. दोन्हीचे पेपर वेगळे, मास्तर वेगळे. गोठ्यात आल्यावर ही वाटणी राहत नाही. गाईच्या अंगात यकृत, मेंदू, कास आणि बीजांडकोश एकाच रक्तावर जगतात, आणि त्या रक्तात साखर किती आहे यावर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार ते ठरतं.

आमच्या भागातल्या गव्हाणीबद्दल आधी सांगतो. परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच्याच आगेमागे सोयाबीन शिवारभर पसरलं. त्याआधी खरिपात आणि रब्बीत ज्वारी असायची, घरासमोर कडब्याची गंजी असायची, आणि उन्हाळ्यात बैलांच्या पुढचा कडबा थोडा का होईना गाईला मिळायचा. ज्वारीची काढणी-मोडणी जिकिरीची, मजूर मिळेना, पाखरं राखायला पोरं उरली नाहीत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आत हातात येऊ लागला. शेतकऱ्यानं सोयाबीन लावलं यात त्याचं काही चुकलं नाही. पण गंजीच्या जागी कुटाराचा ढीग आला. सोयाबीनच्या कुटारात शेंगांची टरफलं असतात तेवढी गाय निवडून खाते. उरते ती काडी. टणक, लाकडासारखा भाग जास्त असलेली, पोटातल्या जिवाणूंनाही नीट न फुटणारी. सकाळी गव्हाणीत अशा काड्यांचा थर दिसला की मला कळतं, गाईचं पोट फुगलेलं दिसत असलं तरी तिच्या अंगी काही लागत नाही.

हेच कुटार संकरित गाईच्या पुढं पडतं तेव्हा गोष्ट बिघडते. तिचा बाप दुधासाठी निवडलेला असतो. होल्स्टिन किंवा जर्सीच्या रेतमात्रेतून दूध देण्याची ओढ तिच्या अंगात येते. ती ओढ भागेल एवढा चारा मात्र त्या रेतमात्रेसोबत येत नाही.

वसमतकडच्या कालव्याच्या पट्ट्यातला एक तरुण मला आठवतो. दुसऱ्या वेताची होल्स्टिन संकरित गाय, व्याऊन दोन आठवडे झालेले, दोन्ही वेळचं मिळून १८ लिटर दूध. तो खुशीत होता. डेअरीची पावती दाखवत म्हणाला, "सर, बघा, फॅट पाचच्या वर लागायलीय!" आपल्याकडं गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. पाच फॅट म्हणजे त्याच्या दृष्टीनं गाईनं दिलेलं बक्षीसच. एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, मात्र आठच्या खाली उतरलं होतं, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. मी गाईकडं बघितलं. पाठीचे मणके वर आलेले, भूकखळगा खोल, शेण घट्ट. "खाते कशी?" विचारलं तर म्हणाला, "पेंडीला तोंडच लावायना झालीय. कडबा तेवढा चघळायलीय." तिच्या तोंडाजवळ गेलो तर श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. लघवीचा नमुना घेऊन रोथेराची चाचणी केली. परीक्षानळीत जांभळं वलय उमटलं. किटोसिस.

ते पाच फॅट गाईच्या स्वतःच्या पाठीवरचं होतं. हे त्याला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला, आणि तो वेळ मी दर गोठ्यात देतो, कारण सगळं प्रकरण इथंच आहे.

एक लिटर दूध करायला गाईच्या कासेला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. दुधातली साखर त्यातूनच बनते. १८ लिटर म्हणजे रोज सव्वा किलोच्या वर ग्लुकोज. माणसानं भाकरी खाल्ली की पिठूळ पदार्थाची साखर थेट रक्तात येते. गाईचं तसं नाही. तिनं खाल्लेलं बहुतेक सगळं आधी मोठ्या पोटातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. त्यातलं प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जातं आणि यकृत त्याचं ग्लुकोज करतं. मक्याचा, ज्वारीचा भरडा खाल्ला तर हे आम्ल भरपूर मिळतं, टणक काडीतून फार थोडं. गूळ खाऊ घातला की गाईला लगेच साखर मिळते, अशी आपल्याकडं पक्की समजूत आहे. गुळानं तिला चव येते, हुशारी येते, पण तो गूळही आधी जिवाणूच खातात.

आता वेळेचं गणित असं आहे. व्याल्यावर दूध भराभर वाढतं आणि चौथ्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर पोचतं. भूक मात्र मागून येते. पोटभर खाण्याचं शिखर दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात. मधल्या दोन महिन्यांत गाय जेवढं खाते त्यापेक्षा जास्त दुधातून बाहेर टाकते. हा तोटा ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. जुन्या घरांत जमिनीखाली पेव असायचं, वाईट दिवसांत ते उघडायचं, तशी ही चरबी. चांगल्या गाईनं पेव उघडणं हे निसर्गाला धरूनच आहे; वासराला दूध मिळावं म्हणून झालेली ती सोय आहे. अडचण दोन ठिकाणी येते. पेव आधीच रिकामं असेल तर, आणि ते एकदम उपसलं तर. एकदम उपसलेली चरबी यकृतात जमते. यकृताला ती पुरती जाळता येत नाही, अर्धवट जळून किटोन तयार होतात, त्यांनी भूक आणखी मरते, आणि भूक मेली की आणखी चरबी उपसली जाते.

या सगळ्याचा बीजांडकोशाशी काय संबंध, असं तो तरुण विचारत होता. रक्तातली साखर उतरली की इन्सुलिन उतरतं. इन्सुलिन उतरलं की यकृतातून येणारं आयजीएफ-१ हे वाढीचं द्रव्य कमी होतं. बीजपुटकं म्हणजे ज्या फोडात बीज वाढतं ते फोड. त्यांना मोठं व्हायला ही दोन्ही द्रव्यं लागतात. शिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून बीज सोडण्याचा हुकूम देणारं एलएच हे संप्रेरक ठरावीक अंतरानं लाटांनी सुटत असतं. उपाशी अंगात त्या लाटा विरळ होतात. पुटक अर्धवट वाढतं आणि जिरून जातं. इस्ट्रोजेन पुरेसं बनत नाही, म्हणून माज दिसत नाही. गाय मुकी राहते. गाईच्या अंगानं घेतलेला तो हिशेबी निर्णय असतो. एक वासरू अंगावर पीत आहे, खायला पुरेसं नाही, अशा वेळी दुसरं पोटात वाढवायचं नाही.

त्या गाईला ग्लुकोजच्या सलाईन दिल्या, पाच दिवस प्रोपिलिन ग्लायकॉल पाजलं. ती खायला लागली, महिन्याभरात अंगही थोडं धरलं. तिसऱ्या महिन्यात माजावर आली, रेतन झालं, आणि उलटली. पुढच्या माजालाही तेच. तो वैतागला होता. "सर, आता तर चांगली खायलीय, अंगानंही भरली. मग का उलटायली?" प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर जॅक ब्रिट या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९२ साली मांडलं होतं. बीजपुटक एका दिवसात वाढत नाही. आज माजाच्या वेळी जे बीज सुटलं त्याच्या वाढीची सुरुवात साधारण ६० ते ८० दिवस आधी झालेली असते. म्हणजे तिसऱ्या महिन्यात सुटलेलं बीज व्याल्यानंतरच्या त्याच उपासाच्या आठवड्यांत वाढायला लागलं होतं. तेव्हा रक्तात चरबीची आम्लं होती, किटोन होते, साखर कमी होती. गाय बाहेरून सावरली तरी ते बीज त्या दिवसांची खूण घेऊनच बाहेर पडतं.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला मी नेहमी सांगतो. उलटलेल्या गाईला गर्भ राहिलाच नव्हता असं नाही. पुष्कळदा बीज फळलेलं असतं, गर्भ वाढायलाही लागलेला असतो. पण सोळाव्या दिवसाच्या सुमारास त्या गर्भानं आईच्या गर्भाशयाला एक रासायनिक निरोप द्यावा लागतो की मी आहे, पुढचा माज येऊ देऊ नकोस. गर्भ अशक्त असेल, उशिरा वाढला असेल, तर तो निरोप पोचत नाही. मग बीज सुटल्यावर बीजांडकोशावर तयार झालेला पीतपिंड विरघळतो आणि एकविसाव्या दिवशी गाय माज दाखवते. रेतन करणाऱ्याला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

हे दुखणं केवळ आपल्या गरिबीचं आहे असंही कुणी समजू नये. अमेरिकेत होल्स्टिनचं दूध पन्नास वर्षांत वाढत गेलं तसं रेतनाला गाभ राहण्याचं प्रमाण घसरत गेलं. १९५०च्या सुमारास ते साठ टक्क्यांच्या वर होतं, शतक संपताना चाळीसच्या आसपास आलं. तिथं खायला कमी नव्हतं. शेवटी २००३ साली तिथल्या कृषी खात्यानं वळू निवडताना त्याच्या मुली किती लवकर गाभण राहतात याचंही मूल्यांकन सुरू केलं आणि हळूहळू घसरण थांबली. आपण त्यांच्याकडून दुधाचा वारसा घेतला. त्यांच्या या धड्याची चर्चा मात्र गावपातळीवर फारशी झाली नाही.

कळमनुरीच्या डोंगराकडच्या भागात दुखण्याचं रूप वेगळं दिसतं. तिथं दुधाचा भार नसतो. एका घरी मावशींनी कालवड दाखवली. तीन वर्षं उलटून गेली तरी माज नाही. "डॉक्टर, ही वांझ निघाली काय हो? इकून टाकावं म्हनते." कालवड दाव्याला उभी राहून चामड्याची जुनी चप्पल चघळत होती. मावशींना ती वाईट खोड वाटत होती. मला तिथंच निम्मं निदान मिळालं. हाडं, चिंध्या, माती, चपला चघळणारं जनावर बहुधा फॉस्फरस मागत असतं. नुसत्या कुटारावर आणि वाळल्या गवतावर वाढलेल्या जनावराला तो मिळत नाही. छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज काढला तर ते फारच कमी भरलं. कालवड वयानं माजावर येत नाही, वजनानं येते. तिच्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या साठ टक्के वजन झालं की ती भरवण्याजोगी होते, मग ते दीड वर्षात होवो की साडेतीन वर्षांत. बीजांडकोश तपासले तर लहान आणि गुळगुळीत, पण रचनेत काही दोष नव्हता. जंतांचं औषध दिलं, खनिज मिश्रण सुरू केलं, आणि रोज दोन ओंजळी भरडा घालायला सांगितला. मावशी म्हणाल्या, "दूध देत नाय तिला भरडा?" हाच प्रश्न मी जिल्हाभर ऐकला आहे. दूध देते तिला पेंड, देत नाही तिला उरलंसुरलं. त्या कालवडीला विकलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ती माजावर आली आणि गाभण राहिली.

फॉस्फरसचं सांगताना म्हशीचा उल्लेख केला पाहिजे. व्याल्यानंतर काही आठवड्यांत म्हशीची लघवी कॉफीच्या रंगाची होते, लोक घाबरून करणी-भानामतीपर्यंत जातात. रक्तातला फॉस्फरस इतका खाली आलेला असतो की तांबड्या पेशी फुटायला लागतात. वेळेवर उपचार झाला तर म्हैस वाचते. पण ज्या गोठ्यात एका म्हशीची लघवी लाल झाली, त्या गोठ्यातल्या बाकीच्या म्हशीही त्याच चाऱ्यावर आहेत. त्यांचा माज मुका जातो, आणि म्हशीचा माज एरवीही उन्हाळ्यात दबलेलाच असतो. अशा गोठ्यात मी एकीला औषध देऊन सगळ्यांसाठी खनिज मिश्रण लिहून देतो.

कमतरतेबद्दल एवढं बोललो. जास्तीचंही एक दुखणं आमच्या जिल्ह्यात आहे, आणि तेही सोयाबीनचंच. काढणीच्या वेळी पाऊस लागला की डागी सोयाबीन घरात पडून राहतं. बाजारात भाव नाही, मग ते दळून गाईला घालतात. गाय आवडीनं खाते, दूधही वाढतं, मालक खूश. पण कच्च्या सोयाबीनमधली प्रथिनं पोटात फार वेगानं फुटतात आणि अमोनिया तयार होतो. तो वापरायला जिवाणूंना तेवढीच ऊर्जा लागते. सोबत भरडा नसेल तर अमोनिया रक्तात जातो आणि यकृत त्याचा युरिया करतं. हा युरिया दुधात उतरतो, गर्भाशयातही उतरतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या बटलर यांच्या अभ्यासात रक्तातला युरिया नायट्रोजन १०० मिलिलिटरमागं १९ मिलिग्रॅमच्या वर गेला की गाभ राहण्याचं प्रमाण घसरतं असं दिसलं. गर्भाशयातलं वातावरण पहिल्या आठवड्यातल्या कोवळ्या गर्भाला सोसत नाही. सेनगावकडं एकाच वाडीतल्या चार-पाच गाई एकाच हंगामात उलटत होत्या. लोकांना वाटलं रेतमात्राच खराब आली. प्रत्येक गोठ्यात डागी सोयाबीनचं पोतं होतं. त्यात बुरशीही होती, ती वेगळीच. सोयाबीन थांबवून त्याऐवजी मक्याचा भरडा आणि थोडी सरकी पेंड सुरू केली, तेव्हा पुढच्या दोन माजांत बऱ्याच गाई थांबल्या, म्हणजे गाभण राहिल्या. सोयाबीन घालायचंच असेल तर भाजून, थोडं, आणि चांगलं घालावं.

वसमतच्या ऊस पट्ट्यात तोडणीच्या दिवसांत वाढे फुकट मिळतात, म्हणून गव्हाणी वाढ्यांनी भरतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते चुना म्हणजे कॅल्शियम बांधून शेणातून बाहेर नेतं. महिनोन्‌महिने नुसते वाढे खाणाऱ्या गाईचे स्नायू व्यायच्या वेळी ढिले पडतात. वार अडकते, गर्भाशय आकसायला वेळ लागतो, मग त्यात पू होतो. वाढे द्यावेत, पण कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून.

लाल कंधारी गाय आमच्या भागातली. नांदेड-परभणी-हिंगोलीच्या रानात वाढलेली. तिच्या बाबतीत माझी निरीक्षणं वेगळी आहेत. चारा कमी झाला की ती दूध कमी करते. अंगावरची चरबी उपसून बादली भरण्याची ओढ तिच्यात नाही. त्यामुळं दूध थोडं, पण चारा-पाणी साधारण असलं तरी वेळेवर माज. २०१५-१६च्या टंचाईत तिचंही अंग उतरलं, माज थांबला, पण पावसानंतर हिरवं उगवताच लाल कंधारी लवकर माजावर आल्या आणि संकरित गाईंना बराच वेळ लागला. म्हणून सगळ्यांनी कंधारीच पाळावी असं मी म्हणत नाही. घर दुधाच्या पैशावर चालतं, ते मला माहीत आहे. गाय निवडताना आपल्या शिवारात चारा किती आहे हे आधी मोजावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्याच्याकडं पाणी आहे, मका-नेपिअर आहे, मुरघासाची सोय आहे, त्यानं खुशाल वीस लिटरची गाय पाळावी. ज्याच्याकडं फक्त कुटार आहे, त्यानं आठ-दहा लिटरच्या गाईत समाधान मानलं तर ती दर तेरा-चौदा महिन्यांनी व्याते. वीस लिटरची गाय दोन वर्षांत एकदा व्याली तर हातात येणारं दूध फार जास्त राहत नाही.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती सांगतो. गोठ्यात वैरण-पाणी बहुतेक घरांत बाई करते. झाडलोट, पेंड भिजवणं, दूध काढणं, कुणाचं खाणं कमी झालंय हे आधी लक्षात येणं, सगळं तिच्याकडं. डॉक्टर आला की मात्र पुढं येतो पुरुष. मी सल्ला त्याला देतो, आणि तो सल्ला रात्री गोठ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मी काही वर्षांपासून घरातल्या बाईला बोलावल्याशिवाय चाऱ्याचं बोलत नाही. औंढ्याजवळच्या एका घरात सासू म्हणाली, "तिनं दोन दिवस पेंड टाकली, मी यास्नी सांगितलं बी. हे म्हनले, खाईल उद्या." किटोसिसची सगळ्यात लवकरची खूण त्या बाईला दोन दिवस आधी दिसली होती. हळदीच्या दिवसांत तर विचारूच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आणि शिजवणी चालू असते, घरातलं प्रत्येक माणूस शेतात, कुकरपाशी. पहाटे गोठ्यात कुणी थांबत नाही, आणि गाईचा माज बहुधा रात्री-पहाटेच ठळक असतो. बारा ते अठरा तासांचा माज बघायला माणूस नसेल तर एकवीस दिवस वाया जातात. त्या दोन महिन्यांत "माजावर येत नाही" म्हणून येणाऱ्या तक्रारींत कितीतरी गाई नेमानं माजावर येऊन गेलेल्या असतात. तपासल्यावर बीजांडकोशावर टपोरा पीतपिंड हाताला लागतो.

मी गोठ्यात जे सांगतो ते फार अवघड नाही. व्यायच्या साठ दिवस आधी गाय आटवावी, आणि आटवल्यावर तिचा खुराक तोडू नये. ती फार लठ्ठही होऊ देऊ नये. लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते आणि चरबी जास्त उपसते. अंगाला आम्ही १ ते ५ गुण देतो. व्यायच्या वेळी ३ ते साडेतीन असावेत, म्हणजे बरगड्या डोळ्याला दिसू नयेत पण हलका हात दाबला की लागाव्यात. पहिल्या दोन महिन्यांत एका गुणापेक्षा जास्त उतरली तर पुढचे माज वाया जाणार हे समजून चालावं. व्यायच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत भरडा रोज थोडा थोडा वाढवत दोन-अडीच किलोपर्यंत न्यावा, म्हणजे पोटातले जिवाणू पुढच्या खुराकाला तयार होतात. एकदम वाढवला तर पोट आंबतं. खनिज मिश्रण बारा महिने. चारशे किलोच्या गाईला दिवसाला बारा किलो कोरडा आहार लागतो, त्यात हिरवं असावं, कारण अ जीवनसत्त्व त्यातूनच येतं. कुटार द्यावं, पण निम्म्याहून जास्त नाही. आणि जमेल त्यानं एक तरी एकर ज्वारी पेरावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' असे वाण आहेत, त्यातून माणसाला भाकरी आणि गाईला कडबा दोन्ही मिळतं.

वसमतच्या त्या तरुणानं पुढच्या वेताला हे सगळं केलं. त्या वेळी पावतीवर फॅट चारच्या आसपास राहिलं, एसएनएफ साडेआठला टेकलं, आणि गाय दुसऱ्या रेतनाला थांबली. त्याच्या हातातल्या त्या पावतीकडं आता मी रक्त तपासणीच्या अहवालासारखं बघतो. दूध संकलन केंद्रं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की व्याल्यावर पहिल्या महिन्यात गाईचं फॅट अचानक चढलं आणि एसएनएफ उतरलं, तर दर लावून पावती हातात देताना शेतकऱ्याला एवढं सांगा: गाय तपासून घ्या. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणि शेतकरी बंधू-भगिनींना सांगणं एवढंच की आज तुमच्या गोठ्यात एखादी गाय आटलेली, सातव्या-आठव्या महिन्याची गाभण असेल, तर पुढच्या वर्षीचं गाभणपण आत्ता तिच्या गव्हाणीत ठरतंय. आज संध्याकाळी तिच्या पुढं काय टाकलंय ते जाऊन बघा, आणि काही कमी वाटलं तर मला ती उलटल्यावर बोलावू नका, उद्याच बोलवा.